मदत हवी आहे: शेल्टरमधल्या काळ्या कुत्रीचा फोटो नीट येत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मखमलाबादच्या पुढे, मळ्यांच्या भागात प्राण्यांचं एक छोटं शेल्टर आहे. दोन वर्षं झाली, मी दर रविवारी तिथे जाते. आधी खाणं घालणं, भांडी घासणं एवढंच करायचे. मग माझ्याकडे कॅमेरा आहे म्हटल्यावर दत्तकाच्या पोस्टचे फोटो माझ्याकडे आले. कॅनन १५००डी आहे, सोबत १८-५५ आणि ५० मिमी १.८ अशा दोन लेन्स. घरातल्या बारशा-साखरपुड्यांचे फोटो बरे येतात. इथले येत नाहीत, आणि त्याची किंमत कुत्र्यांना मोजावी लागते.

अडलंय ते जांभळीपाशी. साधारण तीन वर्षांची गावठी कुत्री, शेपटीच्या टोकापर्यंत काळीभोर. मागचा डावा पाय गाडीखाली गेला, तो काढावा लागला. लसी आणि नसबंदी झाली आहे, कानाला खाच आहे. माणूस ओळखीचा झाला की मांडीवर हनुवटी टेकवून बसते. मी उठायला लागले की पंजाने ओढणीचं टोक दाबून धरते. चौदा महिने ती तिथे आहे. तिच्या नंतर आलेली पांढरी-तांबडी पिल्लं आठवड्याभरात घरी गेली.

चुना मारलेल्या भिंतीपुढे उभी केली तर फोटोत नुसता काळा डाग, डोळे कुठे नि नाक कुठे कळत नाही. शेडवर हिरवे फायबरचे पत्रे आहेत, तिथे काढला तर अंगावर शेवाळ चढल्यासारखा रंग येतो. फ्लॅश मारला तेव्हा डोळे हिरवे पेटले आणि ती कोपऱ्यात गेली, तासभर बाहेर आली नाही. तेव्हापासून फ्लॅश बंद. जाळीआडून काढला की फोकस जाळीवर. आणि कॅमेरा डोळ्याला लावला की ती कान मागे पाडते, ओठांवरून जीभ फिरवते, मान वळवते.

अजून एक आहे, ते लिहायला जड जातंय. ऑक्टोबरमध्ये तिचा एक फोटो छान आला, पण तो छातीपर्यंतचाच होता. पायाबद्दल खाली मजकुरात लिहिलं होतं. इंदिरानगरहून एक कुटुंब आलं, दोन लहान मुलं बरोबर. मजकूर त्यांनी वाचला नव्हता. जांभळी तीन पायांवर उड्या घेत फाटकापाशी आली आणि त्या बाईंचा चेहरा उतरला. वाईट काहीच बोलल्या नाहीत त्या. पण त्यांची गाडी गेल्यावर जांभळी किती तरी वेळ फाटकाशीच उभी होती. तो फोटो मी तसा कापायला नको होता.

तर जाणकारांनी सांगावं: काळ्या अंगाचं एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, कसं धरायचं? घाबरणाऱ्या कुत्रीला कॅमेऱ्याची सवय कशी लावायची? आणि पाय पहिल्याच फोटोत दाखवावा का? शेल्टरमधले काही जण म्हणतात, आधी चेहऱ्यावर जीव जडू दे, पायाचं मग बघू. मला ते पटत नाही. तिला सोमेश्वरला नेऊन फोटो काढा असंही एकाने सुचवलं, पण रविवारी तिथे केवढी गर्दी, आणि ती गाडीत बसली की थरथरते.

प्रतिसाद १

ताई, समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून कॅमेरा चालतो. पांढरी भिंत जास्त जागा व्यापते म्हणून तो सगळाच फोटो काळोखा करतो, त्यात जांभळी बुडते. भिंत सोडा. मागे झाडोरा किंवा मातीचा बांध घ्या आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) थोडं वाढवून बघा. उलट तिच्या चेहऱ्याने सगळी चौकट भरली तर काळा रंग राखाडी दिसेल, तेव्हा कमी करा. फोनवर काढणार असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस लॉक झाला की तिथलंच सूर्याचं चिन्ह वर सरकवा.

त्याहून महत्त्वाची आहे बसवायची जागा. भर उन्हात नको. झाडाच्या सावलीच्या अगदी कडेला बसवा, तोंड उघड्या आकाशाकडे. काळ्या कुत्र्याच्या डोळ्यांत आकाशाचा ठिपका चमकला की चेहरा आपोआप उठून दिसतो. हिरव्या पत्र्याखालचा रंग नंतर सुधारता येतो, पण केसांचा खरा रंग हाती लागत नाही, म्हणून तिथून बाहेरच या.

५० मिमी लेन्स १.८ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं ठेवून, जवळून वापरली की नाक स्वच्छ आणि डोळे पुसट येतात. छिद्र थोडं लहान, एफ ४ ठेवा, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास. जाळीआडून काढायची वेळ आली तरच १.८, आणि लेन्स जाळीला टेकवून. कुत्रा जाळीपासून चार हात लांब असेल तर तारा विरघळून जातात. जमिनीवर बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर या.

प्रतिसाद २

ओठांवरून जीभ फिरवणं, मान वळवणं म्हणजे "मला हे नको आहे" असं ती सांगते आहे. तेव्हा क्लिक करू नका. पहिले दोन रविवार फोटो काढायचाच नाही. कॅमेरा शेजारी जमिनीवर ठेवा, हुंगू द्या, दर वेळी एक तुकडा पनीर किंवा उकडलेलं चिकन द्या. मग नुसता हातात घ्या, मग रिकामं क्लिक. लेन्स म्हणजे मोठा डोळा रोखून बघतोय असं बऱ्याच कुत्र्यांना वाटतं. आणि तुम्ही काढण्यापेक्षा तिची मैत्री ज्याच्याशी आहे त्याने तिच्याशी खेळावं, तुम्ही बाजूला बसून काढावं.

एक कळकळीची विनंती. फोटोसाठी एकच चादर किंवा स्कार्फ सगळ्यांना वापरत असाल तर आजच थांबवा. खरूज तशीच पसरते. पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा) विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, हाताच्या सॅनिटायझरने मरत नाही. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लांचे फोटो आधी, धुतलेल्या हातांनी, त्यांच्याच जागेत. मोठ्यांचे नंतर.

प्रतिसाद ३

पाय दाखवा. आमच्याकडे देवळाली कॅम्पला तीन पायांचा बोका आहे. त्याच्या पहिल्याच फोटोत तो कपाटावरून उडी मारताना दिसत होता, म्हणून आम्ही फोन केला. नुसता बसलेला असता तर बिचारा वाटला असता आणि आम्ही घाबरलो असतो. तिला धावताना दाखवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार गेले. पहिले दोन मी फक्त पनीर घेऊन गेले. काल सकाळी साडेसातला पोचले, थंडी एवढी होती की तिच्या तोंडातून वाफ दिसत होती. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली, सावलीच्या कडेला बसले. रोज खाणं घालणारे काका बांधावरून तिला हाका मारत होते. ती निघाली आणि मी बटण दाबूनच ठेवलं. एका फोटोत पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत, मागचा एकच पाय जमीन रेटतोय, दुसऱ्याची जागा स्पष्ट रिकामी दिसतेय, कान उलटे झालेत आणि तोंड उघडं. डोळ्यांत दोन्हीकडे आकाशाचा ठिपका आहे. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ती फोटोत जशी आहे तशी दिसली.

तोच पहिला लावलाय, दुसरा चेहऱ्याचा, तिसरा मांडीवर हनुवटी ठेवलेला. मजकुराची पहिली ओळ: "जांभळी, ३ वर्षं, तीन पायांवर धावते." जिने चढते का असं लोक नक्की विचारणार. शेल्टरला जिनाच नाही. कुणाकडे तीन पायांचा कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असेल तर कृपया कळवा, म्हणजे विचारणाऱ्यांना खरं ते सांगता येईल.