माणसाचं जनुक जिवाणू वाचतो कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शाळकरी मुलांना जनुक अभियांत्रिकी समजावून सांगायची आहे. कापणं-जोडणं मला नीट कळलंय. ईकोआर-वन हे विकर (एन्झाइम) डीएनएमध्ये जीएएटीटीसी हा अक्षरांचा क्रम दिसला की जी आणि ए यांच्यामध्ये कापतं, दोन्ही पदरांवर. त्यामुळे टोकाला एएटीटी अशी एकपदरी शेपटी उरते. प्लाझ्मिडही (जिवाणूतली डीएनएची छोटी गोल कडी) त्याच विकराने कापलं की शेपट्या जुळतात आणि लायगेज हे जोडणारं विकर सांधा पक्का करतं. मग कॅल्शियम क्लोराइडातल्या जिवाणूंना थोडा वेळ 42 अंश सेल्सियसचा चटका दिला, की त्यातले मोजकेच प्लाझ्मिड आत घेतात. प्लाझ्मिडवर अँपिसिलिन या प्रतिजैविकाला पुरून उरणारं जनुक असतं, म्हणून अँपिसिलिनच्या थाळीवर तेवढेच वाढतात.

अडलंय पुढे. माणसाच्या जनुकात मध्ये मध्ये इन्ट्रॉन (प्रथिनाचा संकेत नसलेले तुकडे) असतात, इन्सुलिनच्या जनुकातही 2 आहेत. आपली पेशी आरएनएमधून (जनुकाच्या प्रतीतून) ते छाटून टाकते, ई. कोलाय या जिवाणूला ते जमत नाही. मग 1978 साली त्याच्याकडून इन्सुलिन करून घेतलं ते कसं? आणि जनुक आत गेलं की जिवाणू आपोआप वाचायला लागतो का? मुलं हे विचारणारच, आणि त्यांची बोळवण करायची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद १

छान प्रश्न. एरवी पेशीतला छाटणी झालेला एमआरएनए (ज्यावरून प्रथिन बनतं तो आरएनए) घेतात आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराने त्यावरून डीएनए बनवतात, त्यात इन्ट्रॉन नसतातच. 1978 मध्ये मात्र जनुकच प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळवलं होतं. इन्सुलिनच्या 21 आणि 30 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचा क्रम माहीत होता, त्यावरून उलटं जात डीएनएचा क्रम ठरवला. साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंत बनवल्या आणि नंतर जोडल्या.

आपोआप मात्र काही होत नाही. जनुकाच्या आधी जिवाणूच्या ओळखीचा प्रमोटर (वाचन कुठून सुरू करायचं ते सांगणारा डीएनएचा तुकडा) लागतो, नाहीतर आरएनए बनायला सुरुवातच होत नाही. रायबोझोम (पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र) बसायची जागाही जिवाणूच्याच धाटणीची हवी. तीन-तीन अक्षरांची सांकेतिक भाषा मात्र दोघांची एकच, म्हणूनच हे सगळं शक्य होतं.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार! आणखी एक: दोन्ही टोकं सारखीच, तर जनुक उलटं बसणार नाही का?

प्रतिसाद १

बसतं ना, आणि मग प्रथिन मिळत नाही. म्हणून दोन टोकांना दोन वेगळी विकरं वापरतात, उदाहरणार्थ ईकोआर-वन आणि बॅमएच-वन. त्यांच्या शेपट्या एकमेकींना जुळत नाहीत, त्यामुळे जनुक एकाच दिशेने बसतं.