२२ महिन्यांच्या मुलाच्या दातांवर पांढरे पट्टे: ही कीड आहे का?

प्रश्न (आई):
काल ब्रश करताना मुलाचा वरचा ओठ उचलून पाहिला, तेव्हा समोरच्या दोन दातांवर हिरडीला लागूनच खडूसारखे पांढरे पट्टे दिसले. खालचे दात मात्र स्वच्छ आहेत. तो रात्री दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपतो. दुधाचे दात पडणारच आहेत, तेव्हा एवढी चिंता कशाला, असे घरातील मोठ्यांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

उत्तर (बालदंतवैद्य):
प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही. पण हिरडीलगतचे असे पट्टे बहुधा किडीची पहिली खूण असतात. तोंडातील जंतू साखरेपासून (ती दुधातही असते) आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दातावरील पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला, की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे तोंडात साचलेले दूध धुतले जात नाही. खालच्या दातांवर जिभेचे आवरण असते व लाळग्रंथीही तिथेच उघडतात, म्हणून ते वाचले असावेत. समोरचे दात सहा-सात वर्षांचा होईपर्यंत आणि दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत लागणार आहेत, हे मोठ्यांना जरूर सांगा. खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराइड वार्निशने (दंतवैद्य दातांवर लावतात तो फ्लोराइडचा लेप) व १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्याच पेस्टने दिवसातून दोनदा ब्रश केल्याने पट्टा तिथेच थांबवता येतो.

उत्तर (एक पालक):
आमच्या मुलीला बाटलीची सवय नव्हती, तरीही तिच्या चार दातांना कीड लागली. ती दिवसभर फळांचा रस घोट घोट पीत असे आणि खोकल्याचे गोड औषध रात्री ब्रश केल्यानंतर घेत असे. साखर किती खाल्ली, यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, हे अधिक महत्त्वाचे असते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

प्रश्न (आई):
बाटली एकदम बंद केली, तर तो रात्रभर रडेल. काय करावे?

उत्तर (बालदंतवैद्य):
झोपतानाच्या बाटलीत रोज थोडे पाणी वाढवत न्या. आठ-दहा दिवसांत नुसते पाणी उरेल. दिवसाचे दूध मात्र नेहमीसारखेच, शक्यतो पेल्यातून द्या. तुमचे स्वतःचे दात किडलेले असतील, तर त्यांवरही उपचार करून घ्या, कारण हे जंतू बाळाच्या तोंडात बहुधा आईच्या लाळेतूनच जातात, अगदी चाखलेल्या चमच्यातूनही.