'डँडी' म्हणजे छैलछबिला? मला पटत नाही

रत्नागिरीकर: पुतणी बारावीला आहे. तिच्या इंग्रजीच्या गाईडमध्ये 'डँडी' (dandy) या शब्दाचा अर्थ 'छैलछबिला, नखरेल पुरुष' असा छापलाय. साफ चूक! हा शब्द ज्याच्यामुळे गाजला त्या लंडनच्या ब्यू ब्रमेलने (१७७८-१८४०) केसांची पावडर, झगमगीत रेशमी कपडे हे सगळं टाकूनच दिलं होतं. गडद कोट, शुभ्र शर्ट, खळ दिलेला गळपट्टा आणि रोजची आंघोळ, हीच त्याची ऐट. त्या काळच्या लंडनला रोजच्या आंघोळीचंही नवल! मला तर आमचे आजोबा आठवले. आजी पेज गाळून त्यांच्या धोतराला खळ द्यायची. बाहेर नेसायची धोतरजोडी एकच, पण गणपतीत घरोघरी आरत्यांना जाऊन आले तरी तिच्यावर डाग नसायचा. त्यांना नखरेल म्हणाल? 'टापटिपीचा' हाच शब्द बरोबर.

मालवणकर: तुमी ब्रमेलाची गजाल अर्धीच सांगितलात. जुगार आणि थाटमाट यांत कर्जबाजारी होऊन १८१६ साली तो फ्रान्सला पळाला. गळपट्ट्याची घडी मनासारखी बसेपर्यंत त्याची सकाळ सरायची. तुमच्या आजोबांना दुसरी कामं होती हो! कपड्यांतच जीव अडकलेल्या माणसालाही इंग्रजीत डँडी म्हणतात. शब्दात टोमणा आहे, तो गाळू नका.

गुहागरकर: टोमणा कायम टिकतोच असं नाही. १८८३च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये नटव्या पोरांना 'ड्यूड' म्हणून हिणवत. पुढे अमेरिकेच्या पश्चिमेकडे गुराख्यांच्या मुलखात आलेला शहरी पाहुणाही ड्यूडच. आपल्याकडे शिमग्याला गॉगल लावून उतरणारा चाकरमानी असतो, तसा. आज आमच्या जेटीवरची पोरं एकमेकांना 'ड्यूड' अशीच हाक मारतात, त्यात हिणवणं कुठे आहे? 'छैलछबिला' मात्र मलाही नको. त्यात बायकांवर छाप पाडण्याचा वास येतो.

रत्नागिरीकर: कर्जाचं मान्य. पण जुगार हा त्या माणसाचा दोष, तो शब्दाच्या माथी का मारायचा? कमी कपड्यांत नेटकं दिसायला शिस्त लागते आणि ती 'नखरेल'मध्ये येतच नाही.

मालवणकर: आणि 'टापटिपीचा'मध्ये मिरवणं येत नाही. टापटिपीचा तर आमचा पोस्टमनही आहे. 'ऐटबाज' म्हणा. कौतुक करतानाही चालतो, तक्रार करतानाही.

रत्नागिरीकर: 'ऐटबाज' चालेल. पुतणीच्या गाईडमधलं 'छैलछबिला' आजच खोडतो.