पोचे, ठिगळं, झिजलेले दगड: तुमच्या घरात काय आहे?

काल पितळी पातेल्याला कल्हई लावून आणली. कल्हईवाल्याने भट्टीवर तापवून नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्याने पुसलं, आतून लख्ख! "ताई, पोचेपण काढू का?" मी नको म्हटलं. मोठा पोचा आत्याच्या लग्नातला, पातेलं जिन्यावरून गडगडलं होतं. काठावर टिंबाटिंबांनी आजीचं नाव कोरलंय, वेलांटी चुकलेली. तुमच्याकडे असं काय आहे? लिहा.

---

पाटा-वरवंटा. आई डावखुरी, त्यामुळे वरवंटा एका बाजूने जास्त झिजलाय. वहिनी उजवी, तिच्या हातात तो तिरकाच पळतो. टाकी लावून घेतली तरी तेच. चटणी मात्र वहिनीच वाटते, दोघी एकमेकींना नावं ठेवत.

---

आमच्या कोकणातल्या घराच्या पायऱ्या जांभ्याच्या. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होतो. तरी चार पिढ्यांच्या पायांनी मधे खळगे पडलेत. पावसात त्याच्या भोकांतून नेचे उगवतात. पाहुणे फोटो काढतात. मी त्याच पायऱ्यांवर दोनदा आपटलोय, त्यामुळे सौंदर्य वगैरे ठीक आहे, पण दर जूनमध्ये ब्लीचिंग पावडर मारतो.

---

बाबांची सायकल. सीटचं कव्हर चौथं. विकणार नाही.

---

आजीची वाकळ. तिची जुनी लुगडी, आजोबांची धोतरं, मधे माझ्या शाळेच्या गणवेशाचा खाकी तुकडा. आमच्याकडे धावदोरा कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत नेतात. कडेचे टाके तांदळाएवढे, एका ओळीत. ही वाकळ दोन वर्षं रखडली. तेवढ्यात आजीला मोतीबिंदू झाला. आत जावं तसे टाके लांबत जातात, ओळ भरकटते, अगदी मधोमध तर बोटभर टाके. ऑपरेशननंतर तिला स्वच्छ दिसायला लागलं आणि म्हणाली, "आण इकडे, उसवते." मी लपवून ठेवली. अजून पांघरतो, अंधारात बोटांनी मध्य सापडतो.

---

मी ओसाकात असतो. इथे फुटलेली भांडी उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने जोडून सांध्यांवर सोन्याची पूड लावतात. हौसेने शिकायला गेलो. चिकाने हातभर पुरळ उठलं, कप अजून गळतो. आईला फोटो पाठवला. उत्तर आलं, "फुटकी भांडी घरात ठेवू नयेत." आता त्यात पेनं ठेवतो; तिला सांगितलं, टाकून दिला.