मदत हवी आहे: नीडलफिश लूर चालवताना हाताला काहीच लागत नाही

गरीवाला_एडिसन
नोव्हेंबरात रात्री किनाऱ्यावरून पट्टेरी बास मासा गरवायचा तर नीडलफिशच (काडीसारखा लांबट नकली मासा) लाव, असं सगळे सांगतात म्हणून घेतला. तीन रात्री फुकट गेल्या. फेक लांब जाते, पण गुंडाळायला लागलं की लाईनच्या टोकाला लूर आहे की नाही तेच कळत नाही. मिनो प्लगला (छोट्या माशाच्या आकाराचा लूर) पुढे ओठासारखी पट्टी असते, त्याची थरथर हातापर्यंत येते. हे नुसतं लाटणं. हळू आणलं तर तळाला बसतं, जोरात आणलं तर वर येऊन पाण्यावर घसरतं. वीस पावलांवर उभ्या माणसाला याच लूरवर दोन मासे लागले. रंग बदलू का? वेग किती ठेवू? उद्या रात्री परत जायचंय, लवकर सांगा.

ओहोटी
रंगाचं नंतर बघू. लूर किती औंसाचा आहे? तरंगणारा की बुडणारा? रॉड किती फुटी? लूरच्या आधी काय बांधलंय? किनारा कोणता आणि पाणी चढतं होतं की उतरतं? यातलं एकही लिहिलं नाहीत, तर वेग कशाच्या आधारावर सांगायचा?

नॉरईस्टर
एवढा त्रास कशाला? सँड ईल (बारीक, लांबट छोटे मासे) आहेत ना पाण्यात? मग एव्हा जिग (धातूचा जड लूर) लावा, मागे हिरवी किंवा लाल नळी. फेका, तळाला टेकू द्या, मध्यम वेगाने गुंडाळा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर याहून खात्रीचं काही नाही.

बार्नेगॅट_वारा
जिग दिवसा आणि पहाटे चांगली, हे मान्य. पण प्रश्न रात्रीचा आहे आणि नीडलफिशचा आहे.

@गरीवाला, हाताला काही न लागणं हा या लूरचा दोष नाही, तो असाच बनवलेला आहे. ओठ नाही, त्यामुळे पाणी अडत नाही आणि थरथर होत नाही. सँड ईलही काडीसारखाच दिसतो. १९८०च्या दशकात ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्लॉक आयलंड बेटाच्या वाळूवर मोठे बास याच लूरवर निघाले, ते पाणी सँड ईलने भरलेलं होतं म्हणून. काहीच न करणारी वस्तू तिथे खऱ्या माशासारखी दिसली.

आता गुंडाळण्याचं. एका ठरलेल्या वेगाने गुंडाळलंत तर तुम्ही म्हणता तेच होणार. लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा लूरला तुमच्याकडे ढकलते, लाईन सैल पडते आणि लूर बुडतो. तेवढ्यापुरतं हँडल भरभर फिरवा, फक्त सैलपणा निघेल इतकंच. मग फुटलेल्या लाटेचं पाणी परत समुद्रात जायला लागतं. ते लूरला तुमच्यापासून दूर ओढतं आणि रॉडच्या टोकाला हलकं वजन येतं. त्या क्षणी हात जवळजवळ थांबवा. लूर प्रवाहात लटकून राहतो आणि मासा बहुतेक वेळा तेव्हाच घेतो. ते वजन ओळखता आलं की नीडलफिश जमला म्हणा.

आकडाच हवा असेल तर ५००० किंवा ६००० नंबरच्या रीलवर हँडलचा एक फेरा साधारण मीटरभर लाईन आणतो. शांत पाण्यात एका फेऱ्याला दोन सेकंद द्या. तिथून सुरुवात करून आणखी हळू जा.

केपकॉडकर
वरच्या प्रतिसादाशी सहमत, दोन गोष्टी जोडतो. रॉडचं टोक लूरकडे सरळ रोखू नका. लाईनशी थोडा कोन ठेवा, म्हणजे वजन टोकावर दिसतं. लाटा मोठ्या असतील तर टोक उंच धरा, नाहीतर फुटत्या लाटा लाईनला धरून ओढतात आणि लूरची खबर तुमच्यापर्यंत येतच नाही.

दुसरं, समोर सरळ फेकू नका. किनाऱ्याला समांतर प्रवाह असतो. तो डावीकडून उजवीकडे जात असेल तर घड्याळातल्या दहा-अकराच्या दिशेला फेका आणि लूरला कमानीत वाहत येऊ द्या. कमान संपून लूर किनाऱ्याकडे वळतो, तिथे जास्त लक्ष ठेवा.

मध्ये मध्ये मनगटाने हलके झटकेही द्या.

बार्नेगॅट_वारा
झटक्यांना माझा विरोध आहे. अंधारात मासा लूर एका रेषेत येतोय असं धरून मागे लागतो. झटक्याने रेषा तुटते आणि शिकणाऱ्याच्या लाईनमध्ये नेमका सैलपणा येतो. आधी महिनाभर सरळ चालवू दे त्यांना.

केपकॉडकर
शांत पाण्यात, जिथे लाट काहीच हालचाल देत नाही, तिथे आठ-दहा फेऱ्यांनी एक झटका दिला तर काही बिघडत नाही. फुटत्या लाटांत गरज नाही, हे मानतो.

गरीवाला_एडिसन
आयलंड बीच. दोन औंस, प्लास्टिकचा, बुडणारा. रॉड साडेसात फुटी, तळ्यावर वापरतो तोच. लाईन ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली). लूरच्या आधी फूटभर स्टीलची तार आणि स्नॅप स्विव्हल (क्लिप असलेली फिरती कडी), कारण ब्लूफिश मासे दातांनी लाईन कापतात. भरती-ओहोटी बघितली नाही, जेवण झालं की निघतो.

ओहोटी
अर्धा प्रश्न इथेच सुटला.

तार आणि स्नॅप स्विव्हल काढून टाका. नीडलफिशच्या नाकावर जराही जादा वजन आलं की नाक खाली जातं. रात्री सँड ईल खाणाऱ्या बाससाठी तार लागत नाही. ब्लूफिशने एखादा लीडर (लाईन आणि लूर यांच्यामधला दोरीचा तुकडा) कापलाच तर नवा बांधा. ब्रेडेड लाईनला छोटं बॅरल स्विव्हल, त्यापुढे ४० किंवा ५० पौंडी फ्लुरोकार्बन नाहीतर साधा मोनो (दोन्ही न विणलेल्या, एकसंध दोऱ्या), ३० ते ३६ इंच, आणि टोकाला बिनस्विव्हलची मजबूत क्लिप. स्विव्हल लूरला चिकटून नको, लीडरच्या दुसऱ्या टोकाला हवं. फेकताना ते रॉडच्या टोकाच्या कडीत शिरू देऊ नका.

रॉड बदला. साडेसात फुटीवर दोन औंस पूर्ण जोराने फेकलं तर रॉडलाच धोका, आणि फुटत्या लाटांच्या वर लाईन धरायला उंचीही मिळत नाही. ९ ते १० फुटी, १ ते ३ औंसाचा रॉड घ्या.

आता एक सांगा. लूर हातात घेऊन बघा, पोटाचा रंग खरवडलाय का? आणि गळ अडकवलेल्या कड्यांमध्ये वाळू असते का?

सुकट_बोंबील
धागा आवडीने वाचतेय. हा बास खायला कसा? जिताड्यासारखा लागतो का? तिखलं होईल का?

नॉरईस्टर
@सुकट_बोंबील, मांस पांढरं आणि घट्ट, तुकडे रश्शात फुटत नाहीत, त्यामुळे तिखलं उत्तम होतं. कातडीखाली लालसर काळपट पट्टा असतो तो सुरीने पूर्ण काढा, उग्र वास त्याचाच. मासा काढल्या काढल्या रक्त वाहू द्या आणि बर्फात ठेवा.

पण घरी नेण्याआधी माप घ्या. २८ इंच किंवा जास्त आणि ३१ इंचांहून कमी, दिवसाला माणशी एक. ही ३१ इंचांची वरची मर्यादा २०२३ मध्ये आली. मोठ्या माद्या पाण्यात राहाव्यात म्हणून ती आहे, ती पाळा. पीसीबी हे विषारी रसायन आणि पारा यांमुळे हा मासा किती खावा याच्याही सूचना न्यू जर्सीने दिलेल्या आहेत, गरोदर बायका आणि मुलांसाठी त्या जास्त कडक आहेत.

रायगडचा_जिताडा
हा लूर रेवदंड्याच्या खाडीत जिताड्याला चालेल का?

ओहोटी
@रायगडचा_जिताडा, गढूळ पाण्यात माशाला लूर दिसण्याआधी त्याची थरथर जाणवायला हवी, आणि नीडलफिशमध्ये नेमकी तीच नाही. तिथे ओठाचा मिनो किंवा मागे वल्ह्यासारखी शेपटी असलेलं रबर बरं. पाणी निवळ असेल तर नीडलफिश जरूर लावून बघा.

नॉरईस्टर
रात्रीसुद्धा मिनो प्लग कमी नाही. १९८२ मध्ये अटलांटिक सिटीच्या जेटीवरून ७८ पौंड ८ औंसांचा विक्रमी बास निघाला, तो रेबेल कंपनीच्या मिनोवर.

बार्नेगॅट_वारा
तो सप्टेंबर होता, वादळी समुद्र होता आणि जागा दगडी जेटीची होती. त्यावरून नोव्हेंबरातल्या वाळूच्या किनाऱ्याचा निर्णय होत नाही. सँड ईल रात्री वाळूत घुसून बसतात आणि बास त्यांना तळाजवळ हुसकतात. तिथे लूर तळाच्या फूटभर वर, सरळ आणि सावकाश जायला हवा. शिवाय समोरून वारा असला की रुंद मिनो हवेत गिरक्या घेतो आणि जवळच पडतो. नीडलफिश वारा कापत जातो.

आणखी एक. काही रात्री पाणी हलवलं की हिरवट निळं चमकतं. थरथरणारा लूर तेव्हा उजेडाचा पट्टा ओढत येतो. नीडलफिश सर्वांत कमी चमकतो, म्हणून अशा रात्री तोच लावा.

गरीवाला_एडिसन
बघितलं. पोटापेक्षा शेपटीकडचा रंग गेलाय, बोटभर जागेत पांढरं प्लास्टिक दिसतंय. मागच्या गळाच्या कडीत वाळू आहे. पुढचा गळ स्वच्छ. याचा अर्थ काय?

ओहोटी
याचा अर्थ लूर आडवा येत नाही, शेपटी खाली टाकून वाळूवर घासत येतोय. वजन जास्त, पाणी कमी. पण नुसत्या त्याने एवढी शेपटी घासत नाही. गळ बदललेत का?

केपकॉडकर
टबात पाणी भरून सोडा. लूर आडवा ठेवून हात काढा आणि कसा बुडतो ते बघा. आडवा किंवा शेपटी किंचित खाली असेल तर ठीक. शेपटीवर उभाच होत असेल तर तोल गेलाय. खाऱ्या पाण्यात थोडा जास्त तरंगेल, पण तोल तोच राहील.

दादरचा_वारा
वेडर्सवर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) कमरेचा पट्टा आवळून बांधता ना? लाट डोक्यावरून गेली तर पट्ट्याशिवाय आत पाणी भरतं आणि उठता येत नाही. जेटीवर जाणार असाल तर बुटांना खिळे हवेत. डोक्यावरचा दिवा लाल ठेवा आणि पाण्यावर मारू नका, शेजारच्यांचे मासे पळतात.

गरीवाला_एडिसन
शेपटीवर उभा राहतो. मागचा गळ गंजला होता म्हणून बदलला होता, दुकानात एक नंबर मोठाच मिळाला. एवढ्याने फरक पडेल असं वाटलं नाही.

ओहोटी
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं. या लूरमध्ये तोलच सगळं काही आहे. मागे मूळ मापाचा तिहेरी गळ लावा. नाहीतर तिहेरी काढून एकेरी गळ लावा, त्यावर हरणाच्या शेपटीचे केस विरळ बांधलेले. तो हलका असतो, शेपटी उचलली जाते आणि मासा सोडतानाही सोपा जातो. गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने चेपून टाका. लाईन ताणलेली असेल तर मासा त्यामुळे सुटत नाही.

बार्नेगॅट_वारा
आणि जागा. एकदा ओहोटीला दिवसा जाऊन किनारा बघून या. वाळूचा दांडा कुठे आहे, तो कुठे तुटलाय, दांडा आणि किनारा यांच्यामधली चर किती खोल आहे. लाटा दांड्यावर फुटतात आणि चरीवर पुन्हा सपाट होतात, त्यावरून अंधारातही अंदाज येतो. दांडा तुटलेला असतो तिथून सगळं पाणी आत-बाहेर करतं, फेक त्याच्या कडेला टाका. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचे पहिले दोन, एवढे चार तास पुरे. पाणी अगदी उतरलेलं असताना दोन औंसांचा बुडणारा लावूच नका. एक औंसाचा किंवा तरंगणारा लाकडी घ्या.

मासा घेतो तेव्हा धक्का बसेलच असं नाही. शेवाळ अडकल्यासारखं जड होतं. झटका मारू नका, गुंडाळत राहा आणि रॉड वाकू द्या. ब्रेडेड लाईन ताणत नाही, जोराने ओढलं की तोंडातून गळ निघून येतो. खरंच शेवाळ असेल तर प्रत्येक फेकीनंतर काढा. एक काडी जरी गळाला असली तरी ती फेक वाया गेली.

गरीवाला_एडिसन
तार काढली, ५० पौंडी लीडर बांधला. शेजाऱ्यांकडून साडेनऊ फुटी रॉड मिळतोय. मागे केसांचा एकेरी गळ लावला, टबात आता जवळजवळ आडवा बुडतो, शेपटी अर्धा इंच खाली. उद्याची भरती रात्री ११:१० ला आहे, म्हणजे नऊला उभं राहायचं ना? आणि रंग?

ओहोटी
नऊला पोचा. चंद्र नसेल तर काळा, चांदणं असेल तर पिवळा किंवा ऑलिव्ह.

नॉरईस्टर
पांढरा.

केपकॉडकर
जो आहे तोच लावा. लूर पाण्यात टाकल्यावर पहिल्या दोन-तीन फेकी फक्त परतीच्या पाण्याचं वजन ओळखण्यासाठी करा, माशासाठी नको. आणि लूरच्या अडीच-तीन फूट आधी, लीडरच्या वरच्या टोकाला बारीक रेड गिल (रबराचा नकली सँड ईल) बांधून बघा, सँड ईल तीन-चार इंचांचे असतील तर बास पुष्कळदा तोच घेतो.

गरीवाला_एडिसन
रेड गिलला वेगळी गाठ मारायची की लीडरवरच फास? आणि त्याने परत नाक खाली जाणार नाही ना?

केपकॉडकर
बॅरल स्विव्हलच्या वरच्या कडीला, जिथे ब्रेडेड बांधली आहे तिथेच, चार इंचांचा वेगळा तुकडा बांधा आणि त्याला रेड गिल. लूरपासून दूर असल्याने नाकावर भार येत नाही. तुकडा चार इंचांहून लांब ठेवलात तर तो फेकताना लीडरला गुंडाळतो.