न्यूयॉर्कचं बातम्यांचं '८८०' बंद केलं ते योग्यच झालं का?

टर्नपाइककर:
डब्ल्यूसीबीएस ८८० या एएम रेडिओ केंद्रावरच्या चोवीस तास बातम्या २६ ऑगस्ट २०२४ ला संपल्या. ५७ वर्षं पुरी व्हायला दोन दिवस बाकी होते. आता तिथे खेळांवरच्या गप्पा चालतात. आम्हा न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या लोकांना कुठला पूल तुंबलाय ते यावरच कळायचं. तासाच्या आठव्या, अठराव्या, अठ्ठाविसाव्या मिनिटाला ट्रॅफिक आणि हवामान, चुकायचं नाही. ११ सप्टेंबर २००१ ला टॉम कामिन्स्की याच केंद्राच्या हेलिकॉप्टरमधून टॉवरचा धूर बघून थेट बोलत होता. असलं केंद्र कुणी मोडीत काढतं का?

नकाशेवाला:
काका, ट्रॅफिक आता फोन सांगतो, तेही न विचारता. आणि १०१० विन्स आहेच की. १९६५ पासून तेही फक्त बातम्याच देतंय, २०२२ पासून तर एफएमवरही लागतं. एका शहराला अशी दोन दोन केंद्रं कशाला हवीत?

अँटेना_आजोबा:
दोन्ही ऐकलीत कधी? विन्सची सगळी घाई, बावीस मिनिटांत जग उरकायचं. ८८० निवांत, लाँग आयलंड-कनेटिकटच्या गावांचीही दखल घेणारं. शिवाय स्पर्धा असली की दोन्हीकडचे बातमीदार जागे राहतात.

नकाशेवाला:
स्पर्धा कसली आजोबा? १९९५ पासून दोन्ही एकाच मालकाच्या छपराखाली होती.

टर्नपाइककर:
तेच तर! शेवटचा मालक, ऑडसी कंपनी, जानेवारी २०२४ मध्ये सुमारे १९० कोटी डॉलरच्या कर्जापायी दिवाळखोरीत गेला. कर्ज कंपनीचं, कुऱ्हाड बातम्यांवर.

अँटेना_आजोबा:
आणखी एक. ११ सप्टेंबरला नॉर्थ टॉवर कोसळला तेव्हा त्यावरचे कित्येक टीव्ही-एफएमचे अँटेना गेले. ८८० चा मनोरा ब्राँक्समध्ये हाय आयलंडवर, तो शाबूत. २००३ मध्ये वीज गेली तेव्हाही सेलवरचा रेडिओच कामाला आला. इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढू नका म्हणून अमेरिकेच्या संसदेत, काँग्रेसमध्ये, विधेयक आलं ते उगाच नाही.

(गंमत म्हणजे १९६७ मध्ये बातम्या सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी एका छोट्या विमानाने इथलाच तेव्हाचा मनोरा पाडला होता. पहिला दिवस एफएमवर काढावा लागला!)

नकाशेवाला:
मनोरा आजही उभा आहे, ५० हजार वॉट आजही चालू आहेत. मग बिघडलं काय?

अँटेना_आजोबा:
रात्री तीनला पूर आला तर त्या ५० हजार वॉटवर बोलणार कोण? यांकीज या बेसबॉल संघाच्या चेंडूफेक्यावर वाद घालणारे? मनोरा फुकट बातमी देत नाही हो. त्यासाठी स्टुडिओत बातमीदार बसलेला लागतो आणि त्यालाच घरी पाठवलंय.

हडसनकाठची_मी:
दोघांचंही अर्धंच पटतंय. जाहिरातदारांना तरुण श्रोते हवेत आणि माझ्या मुलांना गाडीत एएमचं बटण कुठे असतं तेही माहीत नाही. मग बातमीदाराचा पगार कोण देणार? डब्ल्यूएनवायसी ८२० हे इथलं सार्वजनिक रेडिओ केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. इथे हळहळणाऱ्यांपैकी तिथे किती जण पैसे भरतात?

टर्नपाइककर:
मी नाही भरत. त्यांच्या चर्चा लांबलचक असतात, मला पुलाची खबर हवी असते.

नकाशेवाला:
मग फोन लावा ना डॅशबोर्डला!