चित्रपटांना संस्कारांचे गुण देणाऱ्या यादीवर माझा आक्षेप

धरमपेठकर:
आपल्या समूहात परवा एका मॅडमनी चित्रपटांची यादी दिली. प्रत्येक चित्रपटाला संस्कारांचे दहापैकी गुण आणि पुढे ‘कुटुंबासह पाहावा’ किंवा ‘पाहू नये’ असा शेरा आहे. त्यात ‘झुंड’ला शिव्या आणि चोऱ्यांमुळे दोन गुण मिळाले असून शेरा ‘पाहू नये’ असा आहे. ज्याचे चित्रीकरण नागपुरात झाले आणि ज्याची कथा इथल्याच विजय बारसे सरांनी वस्तीतल्या मुलांसाठी उभ्या केलेल्या फुटबॉलच्या कामावर बेतली आहे, तो चित्रपट नागपूरच्याच मुलांनी पाहू नये, हे वाचून मला गप्प बसवले नाही. शिव्या मोजल्या गेल्या. परंतु ओळखीचा कागद नाही म्हणून पासपोर्ट अडलेल्या मुलीच्या बापाची वणवण कोणत्या रकान्यात मोजली? याउलट, नकार देणाऱ्या मुलीचा नायक गावभर पाठलाग करतो आणि शेवटी तीच त्याच्या प्रेमात पडते, अशा एका चित्रपटाला आठ गुण आहेत, कारण त्यात शिवी नाही, चुंबन नाही आणि शेवटी सगळे देवळात जातात. 1970 साली चित्रपटकार ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची प्रदर्शनापूर्वीची तपासणी, म्हणजे सेन्सॉर, वैध ठरवली, हे मला मान्य आहे. पण त्याच निकालात, आपल्या मॉरिस कॉलेजात शिकलेल्या सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे, हे पाहायला सांगितले होते.

महालातील निवृत्त शिक्षिका:
यादी माझी आहे, म्हणून उत्तरही मीच देते. न्यायालयासमोर प्रौढ प्रेक्षक होता, माझ्यासमोर माझा नातू आहे. चित्रपटाचा चांगला शेवट कळायला तीन तास बसावे लागते, शिवी मात्र पहिल्या पाच मिनिटांत पाठ होते. आमच्याकडे पाहुण्यांसमोर ती कशी बाहेर आली, हे मी पाहिले आहे आणि तेव्हा सुनेची मान खाली गेली होती. आपण मुलांना काय दाखवायचे हे ठरवणे म्हणजे कलेवर बंदी घालणे नव्हे, एवढा फरक शिकलेल्या माणसाने करायला हवा.

सक्करदऱ्याचा प्रेक्षक:
मॅडम, यादीपेक्षा दारावरच्या माणसाला जाब विचारा. ‘प्रौढांसाठी’ असलेल्या चित्रपटाला माझ्या पुढच्या रांगेत चार-पाच वर्षांचे मूल कानावर हात ठेवून रडत होते. व्यवस्थापकाकडे गेलो, तर ‘आईवडील सोबत आहेत ना’ असे उत्तर मिळाले. प्रमाणपत्र पाळायचेच नसेल तर ते पडद्यावर दाखवता कशाला?

वकील, सिव्हिल लाइन्स:
‘ए’ प्रमाणपत्र असताना आईवडील सोबत आहेत, ही सबब चालत नाही. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांचे, मात्र तसे नाही. चित्रपट कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने त्यात 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन टप्पे केले, पण ते पालकांनी विचार करावा यासाठी आहेत. त्यांची सक्ती पालकांखेरीज अन्य कोणी करू शकत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. म्हणजे तिथला निर्णय कायद्याने घरावरच सोपवला आहे.

मूळचा वडसेकर, मुक्काम मानेवाडा:
‘कुटुंबासह’ म्हणजे कोणाचे कुटुंब, हे आधी ठरवावे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, दिवाळीनंतर, धान निघाले की रात्रभर नाटके चालतात. आजी, सून, मांडीवरचे लेकरू, सगळे एकाच मंडपात बसलेले असतात. दारुडा नवरा, हुंड्यासाठी छळलेली मुलगी, दुसऱ्या बाईपायी विकलेले शेत, हे सगळे त्या मंचावर मी शाळकरी वयात पाहिले. माझी आई पदराने डोळे पुसत असे आणि सकाळी घरी परतताना वडिलांना त्यावरून दोन शब्द सुनावत असे. माझ्यावर जे संस्कार झाले, ते तिथे झाले.

महालातील निवृत्त शिक्षिका:
त्याच मंचावर आता चित्रपटगीतांवर नाच घालतात, ते आपण सोयीस्करपणे वगळले.

मूळचा वडसेकर:
वगळले, कारण नागपुरात बसून झाडीपट्टीला नावे ठेवणाऱ्यांकडून मी हे एकच वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. आपण शेवटचे नाटक कधी पाहिलेत? तिकीट काढून मंडप भरणारी माणसे शेतमजूर आहेत. त्यांनी नाच पाहिला की ते असंस्कृत, आणि शहरात लग्नाच्या संगीत समारंभात त्याच गाण्यावर आजीसकट सगळे नाचले की ती हौस! मला हे सहन होत नाही.

महालातील निवृत्त शिक्षिका:
लग्नातले नाचही मला आवडत नाहीत, त्यामुळे तो आरोप माझ्यावर लागू होत नाही. परंतु आपल्या आईचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. मंडपात आपल्याशेजारी आई होती आणि घरी जाताना त्या विषयावर बोलणे झाले. आजचे मूल मोबाइल घेऊन एकटे खोलीत बसते. त्याच्याशेजारी कोणी नसते, म्हणून मला यादी करावी लागते.

मूळचा वडसेकर:
शेजारी कोणी हवे, हे मान्य करतो. दहापैकी दोन गुण शेजारी बसत नाहीत, हे आपणही मान्य करावे.

धरमपेठकर:
माझी मागणी तेवढीच आहे. आकडा काढून टाका आणि प्रत्येक चित्रपटापुढे चार ओळी लिहा: काय खटकले, कोणत्या वयाला खटकेल, पाहिल्यावर मुलाशी कशाबद्दल बोलावे. मग ती यादी मी स्वतः इतरांना पाठवीन.

महालातील निवृत्त शिक्षिका:
आकडा काढणार नाही. कामावर जाणाऱ्या आईला चार ओळी वाचायला सवड नसते आणि यादी तिच्यासाठी आहे. ‘झुंड’चे दोन गुण भाषेचे आहेत, ते तसेच राहतील. शेरा मात्र ‘तेरा वर्षांवरील मुलांनी पालकांसह पाहावा’ असा करते.

सक्करदऱ्याचा प्रेक्षक:
आणि पाठलाग करणाऱ्या नायकाचे आठ गुण?

महालातील निवृत्त शिक्षिका:
त्यावर माझ्या सुनेचेही म्हणणे तुमच्यासारखेच आहे. तिच्याशी बोलून रविवारी कळवते.